मडमचे तीन गळे

माझ्या मेव्हण्याइतका कानाने जगलेला माणूस महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि होऊ पण नये. एक आहे तोच पुरे. मी चौथी शिकलेला गवंडी, मला घोळवून सांगता येत नाही, म्हणून सरळच लिहितो. या माणसाचा फोन आला की मला घाम फुटायचा. तो माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. राहतो पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत, एकटा. मी इकडे महाडच्या बाजूला. मी फोनवर नुसतं 'जय भीम' म्हणायचो आणि पलीकडून तो सांगायचा, दाजी, काल ताक प्यायलात. प्यायलेलो असायचो. नायतर म्हणायचा, आक्काशी भांडलात. भांडलेलो असायचो. माणसाने आपल्या घरात काय खाल्लं आणि कुणाशी भांडला, हे दोन शब्दांत बाहेर पडत असेल तर त्याने बोलावं तरी कसं? मी मग फोन बायकोच्या हातात द्यायचो आणि अंगणात जाऊन उभा राहायचो.

त्याला माणूस, जनावर, यंत्र सगळं सारखंच. कारखान्याचा भोंगा झाला की हा मान वाकडी करणार आणि म्हणणार, आज भोंग्याला सर्दी आहे. एकदा आम्ही दोघं एसटीनं कशेडी घाटातून खेडला निघालो होतो. पहिल्या चढालाच हा उठला आणि ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभा राहिला. म्हणाला, इंजिनाला दम लागतोय, गाडी बाजूला घ्या. ड्रायव्हर म्हणाला, "काका, तिकीट काढलंय ना? मग बसा की गप." पुढच्या तिसऱ्या वळणाला गाडी वाफ सोडून उभी. सगळे प्रवासी खाली उतरले आणि यानेच गाडी मोडल्यासारखे याच्याकडे बघत बसले. मला लाजेने मेल्यासारखं झालं. हा मात्र ड्रायव्हरजवळ गेला आणि एवढंच म्हणाला, "मी सांगितलं होतं." हे त्याचं आवडतं वाक्य. या वाक्याने त्याने जेवढी माणसं तोडली तेवढी भाऊबंदकीने पण तुटत नाहीत.

लग्न त्याचं झालं नाही, त्याचं कारणही कानच. मुलगी बघायला गेला की लोक नाव विचारतात, शिक्षण विचारतात, भाकरी येते का विचारतात. हा म्हणायचा, जरा कोंबड्यांना हाक मारून दाखव. पहिल्या घरी हसले. दुसऱ्या घरी मुलीच्या बापाने विचारलं, पावणं, मुलगी बघायला आलात का कोंबड्या? तिसऱ्या घरी मुलीने खरंच हाक मारली, तर हा तिच्या बापाला बाजूला घेऊन म्हणाला की मुलीच्या मनात दुसरा कोणी आहे, आवाज दारापर्यंत जातो आणि परत येतो. ते खरं निघालं. त्यानंतर याला कोणी घरात घेईना.

हा कान त्याला लागला मुंबईत, वाडीवर परतायच्या आधी. तिथे इंग्रजी सिनेमाच्या एका थेटरात तो बॅटरीवाला होता. अंधारात लोकांना खुर्ची दाखवायची, एवढंच काम. इंग्रजी त्याला ओ का ठो कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण तिथे जुन्या काळातल्या एका गाणाऱ्या नटीचे सिनेमे रविवारी सकाळी लागायचे. तिला तो 'मडम' म्हणायचा, म्हणून आम्ही सगळेच मडम म्हणायला लागलो. जणू ती आमच्याच भावकीतली, तिकडे अमेरिकेत दिलेली. तिची तबकडी त्याने चोरबाजारातून आणली, वाजवायचं यंत्र आणलं, आणि चाळीतल्या खोलीत एकच गाणं वाजवून वाजवून शेजाऱ्यांना वीट आणला. तो सांगायचा, मडम गाते ना दाजी, तेव्हा एका दमात डोंगर चढते आणि वर गेल्यावर पण धापत नाय.

मग एकदा त्याला मडमची दुसरी तबकडी मिळाली, म्हातारपणची. त्याने ती लावली, तर आवाज जाडा, खरखरीत, मध्येच फुटलेला. त्याला वाटलं यंत्र बिघडलं, हळू फिरतंय. त्याने यंत्र डोक्यावर घेतलं आणि मेकॅनिककडे गेला. मेकॅनिकने पट्टा बदलला. आवाज तोच. दुसऱ्या वेळी सुई बदलली. आवाज तोच. तिसऱ्या वेळी मेकॅनिकने हात जोडले, म्हणाला, बाबा, मशीनला काही झालेलं नाही, गाणारीला झालं असेल. त्या दिवशी त्याने कामावर खाडा केला आणि सरळ आमच्याकडे आला. ओटीवर बसला, पाणी पण घेईना. आम्हाला वाटलं कोण गेलं. मग म्हणाला, "मशीन बरोबर हाय, आक्का. मडम म्हातारी झाली."

मी हसलो. मला काय, कुठली मडम आणि कुठला गळा. कोणी म्हणे सिगारेटींनी तिचा आवाज गेला, कोणी म्हणे तिने नवरे फार केले. माझी बायको मात्र हसली नाही. तिने त्याच्यापुढे भाताचं ताट ठेवलं आणि म्हणाली, "नवा तांदूळ चिकटतो का नाय? वास गोड, पण गोळा व्हतो. जुना शिजव, शित न् शित मोकळं. तिचा आवाज आता जुना झाला. तसा आयक की रे." तो जेवला. जेवता जेवता दोनदा थांबला. मुंबईला गेल्यावर त्याने ती दुसरी तबकडीच धरली. नंतर तो सगळ्यांना शिकवायचा की मडमचे तीन गळे आहेत. पहिला पोरीचा, त्यात तिला सगळं येतं. दुसरा मधला, त्यात काहीतरी जातंय हे तिला कळलंय आणि ती घाबरलीय. आणि तिसरा, त्यात जायचं ते गेलंय, म्हणून आता ती नुसती सांगते, गात नाही. लोक पहिल्यासाठी वेडे होते, हा तिसऱ्यासाठी. हे ज्ञान कुणाचं, असं कोणी विचारलं तर मोठ्या दिमाखात म्हणायचा, माझ्या बहिणीचं.

आता मुद्द्याचं. आमचं शेत पऱ्याच्या पलीकडे आहे. पावसात पऱ्या भरला की जेवायला बोलवायला कोण पलीकडे येणार? बायको परसात उभी राहून कुकारा घालायची, कूऽऽ करून. एका कुकाऱ्यात मी औत सोडायचो. मेव्हणा म्हणायचा, मडमचा पहिला गळा आणि आक्काचा कुकारा एकाच झाडाची फळं. तीन-साडेतीन वर्षांमागे तो चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, आक्काचा कुकारा खाली उतरलाय. शेवटाला हवा जाते. कुणाला तरी दाखवा." मी तेव्हा एका घराच्या स्लॅबच्या गडबडीत होतो. म्हणालो, वय झालं तिचं, माझ्या बायकोला तुझी मडम समजू नकोस. तो पिशवी उचलून निघाला. आणि पुढे एका कुकाऱ्यात मला ऐकू येईना तेव्हा मी म्हटलं, माझेच कान गेले.

आठ महिन्यांत ती गेली. छातीत होतं, डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे जमले होते. मी वाट बघत होतो. मला वाटलं, आता हा येणार आणि म्हणणार, मी सांगितलं होतं. म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावलो असतो, तो माझ्या, आणि दोघांचं काहीतरी मोकळं झालं असतं. तो म्हणाला नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. उलट त्या दिवसापासून त्याने कुणाच्याच आवाजाबद्दल बोलणं सोडलं. मी 'जय भीम' म्हणायचो, तो 'जय भीम' म्हणायचा, आणि पाऊसपाण्याचं विचारायचा. याची मला जास्त भीती वाटायला लागली. मी मुद्दाम ताक पिऊन फोन करायचो. तो ताकाचं नाव काढायचा नाही. एकदा मीच विचारलं, काय रे, माझा आवाज कसा आहे? म्हणाला, "बरा हाय." बरा! त्याच्या तोंडून असा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

मला आवाजातलं एकच कळतं. प्लास्टर वाळलं की आम्ही थापीच्या दांड्याने भिंत ठोकून बघतो. पक्की असेल तर टक्क वाजते, आत पोकळ असेल तर बद्द. वरून दोन्ही सारख्याच गुळगुळीत. तर मागच्या दिवाळीनंतर, भात झोडायच्या दिवसांत, मी त्याला फोन लावला. त्याने 'जय भीम' म्हटलं आणि मला भिंत बद्द वाजल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. पुन्हा बद्द. मग मी रोजच लावायला लागलो. कधी शेळीचं विचारायचं, कधी पोलादपुरात मिरचीचा भाव काय म्हणून विचारायचं, आणि तो बोलत असताना फोन कानाला दाबून धरायचा. ज्या माणसाच्या फोनला मी घाबरायचो, त्याचा फोन एक वेळ लागला नाही तर मी लागेपर्यंत पुन्हा पुन्हा लावत बसायचो.

दहा-बारा दिवसांनी धीर करून म्हणालो, तुझा घसा बसलाय. तर भडकलाच. "दाजी, दुनियेचा आवाज मी आयकला. माझा मला कळणार नाय? झोडणीची धूळ गेलीय." महिना गेला. धूळ कुठे महिनाभर राहते? डॉक्टरचं नाव काढलं की हा फोन ठेवायचा. एकदा फसलेला माणूस घाबरतो, तसा मी घाबरलो होतो. एक घर माझ्या डोळ्यांसमोर पडलं, आता दुसऱ्याला तडा दिसत होता, आणि घरमालक म्हणत होता भिंत नवी आहे.

शेवटी मी एसटी धरली आणि त्याच्या वाडीवर गेलो. दुपारी शेळी वर रानात शिरली होती. तो परसात जाऊन तिला कुकारा घालायला लागला. मी दाराआड उभा राहून मोबाइल चालू केला. आयुष्यात कुणाच्या घरात चोरी केली नाही, ती त्या दिवशी केली. मग चहा झाला. मी म्हणालो, तुडील गावच्या एका माणसाने त्याचा कुकारा पाठवलाय, तुझा कान चालतो का अजून बघू. आक्का गेल्यापासून त्याला असं कोणी विचारलं नव्हतं. तो नाही नाही म्हणाला, आणि हात पुढे केला.

आपला आवाज बाहेरून आपल्याला ओळखू येत नाही, म्हणतात. तेच खरं असू दे, अशी मी मनात विनवणी करत होतो. त्याने डोळे मिटून मान वाकडी केली. एकदा ऐकलं. दोनदा ऐकलं. तिसऱ्या वेळी कपाळाला आठी पडली.

"साठीच्या फुडचा हाय. एकला राहतो. गळ्यात डाव्या अंगाला कायतरी बसलंय, तिथं आवाज आडतो." मग डोळे उघडले आणि मला दटावल्यासारखं म्हणाला, "दाजी, ह्याला सांगा, थांबू नको. आक्काच्या वेळंला आपण थांबलो."

'आपण' म्हणाला. 'तुम्ही' म्हणाला नाही.

मी म्हणालो, "तुझाच हाय रे तो."

त्याने मोबाइल उलटा केला, सुलटा केला, कानाशी हलवून बघितला. "मशीन नीट हाय ना?"

"नवीन हाय," मी म्हणालो. "मशीनला काय झालेलं नाय."

शेळी आपली आपण खाली आली होती आणि दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. तो उठला आणि तिला बांधून आला. मग खुंटीवरचा सदरा काढला.

महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. मुंबईत गाठ निघाली, डाव्याच अंगाला. तिथल्या बाकावर मी किती दिवस बसलो ते विचारू नका. विजेचे शेक दिले, काहीतरी कापलं, वीस दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलं. हा पाटीवर लिहून नर्सला सांगायचा की तुमच्या मोठ्या डॉक्टरांच्या आवाजाला रात्रीचं जागरण आहे. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. पण दर तीन महिन्यांनी यायचं, हेही म्हणाले. दर खेपेला आठ दिवस आधीपासून मी पिशवी भरतो आणि पुन्हा सोडतो.

आवाज आला, पण तो कुठला? खोल गेलेला, खरखरीत, मध्येच नुसती हवा. आता कुकारा होत नाही. शेळीला तो पत्र्यावर काठी वाजवून बोलावतो. रोज सकाळी सात वाजता त्याचा फोन येतो. 'जय भीम, दाजी' म्हणतो आणि थांबतो. मी लगेच बोलत नाही. भिंत ठोकून बघतो. तो पण गप्प राहतो, शाळेतल्या पोरासारखा. टक्क वाजली की मी म्हणतो, जुना तांदूळ. मग तो हसतो, त्या हसण्यातही अर्धी हवाच असते, आणि फोन ठेवतो. कधी कधी मला नक्की कळत नाही. तरीही मी तेच म्हणतो.

तो मला परवा म्हणाला, ते माझं चोरून घेतलेलं पुसलंत का? मी म्हणालो, पुसलं. पुसलेलं नाही. बायकोचा आवाज मोबाइलमध्ये धरून ठेवायचं मला कधी सुचलंच नाही, म्हणून तो माझ्याकडे कुठे नाही. बहीण-भावाचा गळा एक असतो हे मला या वयात कळलं. त्याच्या त्या कुकाऱ्यात अगदी शेवटाला, जिथे आवाज उतरतो आणि हवा जाते, तिथे ती आहे, शेवटच्या वर्षातली. मी तेवढंच लावतो, दुपारी जेवायच्या वेळेला. आणि मग हात धुऊन पानावर बसतो.