फियाटच्या मागचे लाल दिवे

आमच्या गॅरेजात जळके बल्ब कुणी फेकत नसे. डब्यात साठत राहायचे. किस्स्यांचंही तसंच! नव्वदच्या दशकात मी पेणला, रामवाडीत, नाना म्हात्र्यांकडे गाड्यांचं वायरिंग करायचो. त्यातले जोशी सरांचे किस्से मला अजून खरे वाटत नाहीत.

*

सर रोह्याचे. शाळेत सायन्स शिकवून रिटायर झाले आणि एक जुनी बस घेऊन आले. आत पलंग, गॅस, बेसिन, खिडक्यांना पडदे!

"हिच्या मागे माझी फियाट जोडायची," सर म्हणाले.

"बंद पडली व्हय?" नानांनी विचारलं.

"छे! उत्तम चालते."

"मंग वढायची कशाला?"

"आम्ही दोघं बसमधेच राहून गावोगाव फिरणार. पण बस गल्लीत शिरत नाही. ती मुक्कामाला उभी करायची आणि फियाटने गाव बघायचं."

नाना चहा प्यायचा विसरले. धडधाकट गाडी ओढत नेणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता.

*

खरी अट सरांच्या बायकोची, सुलभाताईंची. त्यांचा भाऊ मागचे दिवे बंद असलेल्या ट्रकवर स्कूटरसकट आदळून गेला होता.

"बसचा ब्रेक दाबला की फियाटचे दिवे लागले पाहिजेत. नाहीतर मी येणार नाही," त्या म्हणाल्या. सरांनी नोकरीभर या प्रवासाचं स्वप्न बघितलेलं, आणि ताईंशिवाय ते निघणार नव्हते.

नानांनी बसची वायर सरळ फियाटच्या दिव्यांना जोडली. सरांनी ब्रेक दाबला. काय उजेड पडला म्हणता! आणि फट्! बस चोवीस व्होल्टची, फियाटचे बल्ब बारा व्होल्टचे. कुणी बघितलंच नव्हतं!

ताईंनी बसमधली आपली बॅग खाली उतरवली. मला फार वाईट वाटलं.

*

मग आम्ही फियाटच्या बंपरवर चोवीस व्होल्टचे वेगळे दिवे लावले. दोन गाड्यांच्या मधे काढता-घालता येणारा प्लग बसवला. पण लिंबू-मिरची बांधल्याशिवाय नाना गाडी सोडत नसत. दोरा सापडेना, म्हणून त्यांनी ती उघड्या तांब्याच्या तारेत ओवली आणि थेट प्लगलाच बांधली!

तार आत शिरली. ठिणग्या उडाल्या, फ्यूज गेला, मिरच्या जळून सगळ्यांना ठसका लागला.

"नाना, तांब्यातून करंट जातो हो!" सर किंचाळले.

"ठावं हाय. पन लिंबू बांधल्यावं पन जातो?"

सर खाली बसले.

*

दुरुस्ती झाली आणि दिवेलागणीला ट्रायल निघाली. "ट्रायलपुरती येते," ताई म्हणाल्या. पुढे सर, शेजारी नाना आणि मी. मागे पडद्याआड ताई पलंगावर पडल्या असतील, असं आम्ही धरून चाललो.

रामवाडीच्या नाक्यावरच लोक ओरडायला लागले, "अवो, मागच्या गाडीत डायवर नाय!"

"माहीत आहे!" सर हात हलवून सांगत होते. आम्ही हसत होतो.

कासूजवळ बस हळू झाली, तेव्हा एक सायकलवाला धापा टाकत खिडकीशी आला. "डायवर नाय गाडीत!"

"माहीत आहे हो!"

"म्हायती हाय? आन् बाईंना तशीच बसवलीत?"

सरांनी बस थांबवून पडदा बाजूला सारला. पलंग रिकामा!

आम्ही मागे धावलो. फियाटच्या मागच्या सीटवर ताई गुडघ्यांवर उलट्या बसल्या होत्या, तोंड मागच्या काचेकडे.

"सुलभा, अगं काय हे!" सरांनी दार उघडलं.

"प्रत्येक ब्रेकला मागच्या स्कूटरवाल्याचं तोंड लाल दिसत होतं," ताई म्हणाल्या. "प्रत्येक वेळी थांबला तो. माझी बॅग परत बसमधे चढवा."