देवळासमोर बंद केलेलं इंजिन

मंडळी, आज बाबांच्या तोंडाकडे बघवत नाहीये.

बाबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. स्वतःची पहिली गाडी त्यांनी निवृत्तीनंतर घेतली, टर्बो पेट्रोल. "इंजिन एक लिटरचं, पण चढाला बघा कसं ओढतं!" असं आल्यागेल्याला सांगायचे.

आंबा घाट चढला की वरच्या देवळासमोर थांबायचं, लगेच इंजिन बंद करायचं नि हात जोडायचे. देवापुढे गाडी घुरघुरत ठेवायची नाही, हा त्यांचा एसटीपासूनचा नेम.

आज तिथून निघालो आणि मागून निळा धूर यायला लागला. गाडी टो करून रत्नागिरीत आणली.

बाबांचा देवळापुढचा नेम ऐकून मेकॅनिक हळूच म्हणाला, "काका, टर्बो गेला, इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा. घाट चढून तो लालबुंद तापतो. दर वेळी लगेच इंजिन बंद केलंत, तेल फिरायचं थांबलं, बेअरिंग जळत गेलं. दोन मिनिटं चालू ठेवायचं होतं."

बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "म्हणजे मी हात जोडत होतो, तेव्हा ही आतून जळत होती?"

टर्बो बदलून मिळेल. पण बाबांनी चावी माझ्या हातात दिली. "यापुढे तूच चालव."

जन्मभर स्टिअरिंग धरलेल्या माणसाला मी बाजूच्या सीटवर कसं बसवू, सांगा ना कुणीतरी.