समुद्रात नेलेली बस

आमची बस समुद्रात कशी गेली, याच्या तीन हकीकती आमच्या सानगडी गावात अजून सांगितल्या जातात, आणि तिन्ही खोट्या आहेत. पहिलीनुसार त्या दिवशी वादळ उठले होते. आकाश स्वच्छ होते. मी तेथे होतो. दुसरीनुसार समुद्राला नारळ द्यायचा राहिला म्हणून त्याचा कोप झाला. नारळ मी स्वतःच्या हाताने वाहिला होता. तिसरी हकीकत लोकांना सर्वांत आवडते. तिच्यात ड्रायव्हर प्यालेला असतो. पहिल्या दोहोंनी कुणाचे काही बिघडले नाही, म्हणून त्या मी सोडून देतो. तिसरीने एका उत्तम ड्रायव्हरचे नाव घालवले, आणि ती खोडून काढण्यासाठीच हे लिहीत आहे.

सत्तरचे दशक संपत आले होते. धानाची मळणी आटोपली की आमच्याकडचे लोक देवस्थानांना जात. समुद्र पाहायला जाण्याची कल्पना माझी. तीही आता दोघे-तिघे आपल्या नावावर सांगतात, सांगोत. साकोलीच्या एका मालकाची जुनी बस ठरवली. मागची बाके काढून तेथे फळ्या टाकल्या, वर गाद्या अंथरल्या, खाली तांदळाची पोती, भात शिजवायचे गंज, परातींचा ढीग आणि जळाऊ लाकडांचे भारे कोंबले. परक्या तांदळाने आपले पोट भरत नाही, अशी आमची ठाम समजूत होती. त्या बसमध्ये आम्ही अठ्ठावीस माणसे सतरा दिवस राहिलो. बायका आत निजत, पुरुष बाहेर बसच्या आडोशाला. खिडक्यांच्या गजांना लुगडी वाळत घातलेली ती गाडी किनाऱ्यावरच्या गावात शिरली की माणसे कामे टाकून पाहत राहत.

ड्रायव्हर साकोलीजवळच्या खेड्यातला, चाळिशीचा, गळ्यात माळ घातलेला. तो तंबाखूसुद्धा खात नसे. घाटात बायकांनी भीतीने डोळे मिटले की गाडी हळू करून म्हणे, “मावशी, डोळे उघडा. घरी गेल्यावर काय सांगसान?”

दक्षिण कोकणातल्या एका मच्छीमारांच्या गावी आम्ही सकाळी पोहोचलो. पाणी दूर गेले होते. माडांच्या कडेने होड्या उतरवायची घट्ट वाट खाली जात होती, आणि तिच्यापुढे ओल्या, टणक वाळूचे विस्तीर्ण पटांगण उघडे पडले होते. ते मला ओळखीचे वाटले. आमचा मुलूख तलावांचा. उन्हाळ्याकडे तलावाचे पाणी मागे सरते आणि मोकळ्या झालेल्या त्याच्या पोटातून आम्ही बैलबंड्या नेतो; पलीकडच्या गावाचा मोठा वळसा वाचतो. एकदा मागे सरलेले पाणी पावसाळ्यावाचून परतत नाही. हे माझ्या आजोबांनी पाहिले, वडिलांनी पाहिले, मी पाहिले. मला भरती-ओहोटी ठाऊक नव्हती, असे मात्र कुणी म्हणू नये. चंद्राच्या आकर्षणाचे उत्तर मी मॅट्रिकला पाठ केले होते आणि आदल्या दिवशीच बसमध्ये सर्वांना ऐकवलेही होते. परंतु पाठ केलेले उत्तर परीक्षेपुरते असते. वाळूकडे पाहताना माझ्या डोळ्यांना तलावच दिसला.

ड्रायव्हरने माडांखाली गाडी थांबवली.

“भाऊ, गाडी इथंच राहू द्या. खालची रेती कशी आहे, मले मालूम नाही.”

“मले मालूम आहे. आमी तलावातून बंड्या नेतो.”

“हा तलाव नाही ना, भाऊ.”

“एवढा घाबरट होतास तं ड्रायव्हर कायले झाला?”

हे मी मोठ्याने म्हणालो. खिडक्यांशी बायका होत्या; त्यांतल्या दोघी हसल्या. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. गिअर टाकला आणि गाडी खाली नेली.

चुली मांडत असताना मासळीची टोपली घेतलेली एक बाई थांबली. “अवो, दुपारी भरती येतली. गाडी वर काढा.”

मी तिला सांगितले, “पाणी आम्ही जन्मभर पाहिलं आहे, बाई.”

“माका काय!” म्हणून ती निघून गेली.

भात रटरटू लागला आणि पाण्याची एक पातळ चादर अगदी सावकाश येऊन कडेची चूल विझवून गेली. आम्ही चूल वर घेतली. पाणी पुन्हा आले. माझी पत्नी पदर खोचून उभी राहिली आणि सर्वांच्या देखत मला म्हणाली, “तुमच्या चंद्राले म्हणा, भात उतरेपर्यंत थांब.” तोवर ड्रायव्हर गाडीत चढला होता. इंजिन सुरू झाले, चाके फिरली, आणि फिरता फिरता खाली गेली. थोड्या वेळाने पाणी इंजिनात शिरले. शेजारी मोठे जाळे ओढायला जमलेली माणसे आपले दोर घेऊन धावली आणि त्यांनी बस मागच्या बाजूने ओढत, हात हात करत वर आणली. माणूस एकही जखमी झाला नाही. एक पोते तांदूळ खारट झाला आणि तीन दिवस गाडी जागची हलली नाही.

खरे नुकसान साकोलीत झाले. मालकाने खाऱ्या पाण्याने खाल्लेले इंजिन पाहिले आणि विचारले, “खाली नेली कोणं?” सारे माझ्याकडे पाहू लागले, मग ड्रायव्हरकडे. त्या यात्रेचा प्रमुख मी होतो. माझ्याआधी कुणी बोलणार नव्हते.

“स्टिअरिंग तं त्याच्याच हाती होतं,” मी म्हणालो.

ड्रायव्हरने किल्ली मालकाच्या हातात दिली आणि तो पायी निघून गेला. महिनाभरात दारू त्या हकीकतीत शिरली. इतका शहाणा माणूस बस समुद्रात का नेईल, याला लोकांना कारण हवे होते, आणि खरे कारण गप्प बसले होते. पिणारा म्हणून बोभाटा झाल्यावर त्याला कोणत्याही मालकाने प्रवासी गाडी दिली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गोसीखुर्द धरणाच्या कामाजवळ एका चहाच्या टपरीवर तो मला दिसला. तो मातीचा टिप्पर चालवत होता. तेथे बसलेल्या सात-आठ जणांसमोर मी उभा राहून सांगितले की तो प्यालेला नव्हता. गाडी खाली न्यायला मी सांगितले होते.

“काका, मन मोठं आहे तुमचं,” एक जण म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी त्याला पाठीशी घालत आहे, असेच त्यांनी धरले. मी चिडून पुन्हा सांगू लागलो, तेव्हा ड्रायव्हरनेच मला अडवले.

“भाऊ, तुमी सांगतलं म्हणून नाही नेली. घाबरट म्हटलं म्हणून नेली. ब्रेक माह्या पायाखाली होता. चूक माही आहे, ते माह्यापाशीच राहू द्या. मी पेऊन नव्हतो, एवढंच सांगा.”

“एवढंच कायले? हुकूम माझा होता.”

“हुकूम मालकाचा राहते. तुमी मालक नव्हते, भाऊ.”

आम्ही चूक कुणाची यावर दोन कप चहा होईपर्यंत भांडलो. शेवटी तो उठला आणि टिप्परकडे गेला. तो आता हयात नाही. माझ्या मते चूक माझीच होती. त्याला ते मान्य नव्हते, म्हणून त्याचेही म्हणणे येथे नोंदवले आहे. पण तो प्यालेला नव्हता, आणि ज्याला याउपरही शंका असेल त्याने माझ्या घरी यावे. मी दुपारी झोपत नाही.