पोळ्यांचे दोन ढीग

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे मला पोळ्यांतही सरासरी दिसते. लग्न झालं तेव्हा सासूबाई आणि मी समान वजनाच्या कणकेच्या आठ-आठ पोळ्या करायचो. म्हणजे सरासरी सारखीच. पण त्यांच्या आठही एका मापाच्या. माझी एक ताटाएवढी, तर एक पुरीएवढी. सरासरीत लपलेला कच्चा हात मापांच्या विखुरण्यात उघडा पडतो. म्हणून माणसं जेवायला बसण्याआधी त्या मुकाट्याने दोन्ही ढीग एकमेकांत मिसळायच्या.

आता त्यांचे हात थरथरतात. आज पाहुणे यायच्या आधी त्यांच्या लहानमोठ्या पोळ्या मी माझ्या एकसारख्या पोळ्यांत मिसळत होते. त्यांनी पाहिलं.

"अगं, सगळ्यांत लहान आहे ती तळाशी घाल," त्या म्हणाल्या. "तुझी मी तिथेच लपवायचे."