ओंडक्यातली दारं

कॉलेजच्या सहलीत कोकणात गेले तेव्हा समुद्र मी पहिल्यांदा पाहिला. सगळ्या मुली पाण्यात धावल्या. मी मात्र वाळूत येऊन पडलेल्या एका ओंडक्यापाशीच बसून राहिले. हातभर लांब, वरून टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि तुटलेल्या टोकाला पांढरी नळकांडी. कुणीतरी आत शिरून, चुना लावून, निवांत राहिलं असावं तसं.

प्राणिशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्यांतला. लाकूड पोखरून राहतो. कोणता ते ओळखून दाखव, हाच तुझा प्रकल्प."

ओळखायचं कसं तेही त्यांनीच सांगितलं. भोकाच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, त्याची दोन इवलीशी दारं असतात. धोका जाणवला की तो आत सरकतो आणि ती लावून घेतो. प्रत्येक प्रकाराची दारं वेगळी. ती सापडली तरच ओळख पटणार.

ओल्या पोत्यात गुंडाळून ओंडका मी लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावी आणला. एसटीत शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला तो शेवटपर्यंत. सोमवारी प्रकल्प दाखवायचा होता. शनिवारी भिंग आणायला कॉलेजात गेले. दुपारी परत आले, तर घरापुढच्या कामाच्या छपरात आप्पा ओंडक्यावर हात फिरवत बसले होते. आप्पा, माझे वडील, सुतारकाम करतात. किडकं लाकूड ते छपरातून तसंच बाहेर जाऊ देत नाहीत. भोकांत भुसा आणि सरस भरतात, वर रंधा मारतात.

"बघ माय, कसं झालंय. लई पोखरलं होतं. असलं घेऊन गेलीस तर लोक म्हणतील, सुताराची पोर, न् लाकूड हे असलं?"

ओंडका गुळगुळीत झाला होता. मी खाली बसून भुग्यात बोटं फिरवू लागले. दारं अगदी तोंडाशी असतात. रंध्याखाली आधी तीच गेली असणार.

"आप्पा, मला भोकंच पाहिजे होती."

ते थांबले. "मग सांगायचं न्हाय व्हय?"

"तुम्ही विचारलं नाही."

"तू कॉलेजातली. तुला काय इचारायचं?"

यांना काय समजावायचं, असं मलाही वाटलं होतं. म्हणून तर ओंडका पोत्यातच झाकून ठेवला होता. मग तिथंच बसून मी सगळं सांगितलं. समुद्र, शिंपला, दारं. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. मधेच त्यांनी ओंडका उलटा केला.

"इथं गाठ हाय. गाठीवर रंधा उडतो, म्हणून म्या हात लावला न्हाय."

गाठीभोवती बारीक भोकं तशीच होती. मी करवत पुढं केली.

"करवतीनं चुरा हुईल."

त्यांनी पटाशी लाकडाच्या उभ्या रेषेवर ठेवली आणि हलकेच ठोकत राहिले. हरभऱ्याचा घाटा उकलावा तसं लाकूड उकललं. आत पांढरी नळी गाठीला वळसा घालून गेली होती. खारट वास छपरात पसरला. बाहेर ऊन, काळं रान, सुकलेली धाटं. आणि मला वाटलं, आपण पाण्याखाली बसलोय, आणि वर कुठंतरी लाटा चालल्यात.

नळीच्या निमुळत्या तोंडाशी काहीतरी होतं. ओल्या कुंचल्यानं ते उचलून मी भिंगाखाली धरलं. आप्पा वाकले.

"ही तर गव्हाची ओंबी."

खरंच, एकात एक बसवलेल्या पेल्यांची इवलीशी ओंबी. वहीत मी उतरवून घेतलं होतं: दारं साध्या वल्ह्यासारखी असतील तर टेरेडो, पेरांपेरांची असतील तर बँकिया. बँकिया. त्याच्या पुढचं, नेमकी जात, एवढ्याशा एका जोडीवरून मला सांगता येईना. तिथं मी प्रश्नचिन्ह टाकलं.

"मार्क कापतील का गं?" आप्पांनी विचारलं. त्यांच्या हातावर सरस वाळला होता.

"माहीत नाही. रंधा मारला तेही लिहावं लागेल."

"लिही की. झालंय ते झालंय."

प्रकल्पाच्या वहीत, नमुना कसा उघडला, असा एक रकाना होता. त्यासाठी पुस्तकी शब्द मला सुचेना. मी आप्पांना विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "लिही, रेषेनं फोडलं. घाई न करता."

मी तसंच लिहिलं.