जहाजावरची मोळी

समिंदर म्हंजे लय पाणी. दुसरं काई न्हाई. लोक म्हनतेत बघून डोळे निवतेत, माझे काई निवले न्हाईत. जे पाणी पिता येत न्हाई, पिकाला देता येत न्हाई, म्हशीला दावता येत न्हाई, ते कितीबी असलं तर त्याचं काय करावं? सकाळी उठून पाह्यलं तर चौफेर तेच. जेवून आले तरी तेच. अन् लोक त्याच्याकडं पाठ करून मोबाईलमधी स्वतःचंच तोंड बघायलते.

माझा ल्योक पुण्यात नोकरीला हाय. त्यानं ही जहाजाची सहल काढली. तो, सून, नऊ वर्साची नात, सुनेचे मायबाप अन् मी. सुनेचं माहेर परभणी शहरातलं. व्याही सरकारी हापिसातून रिटायर झालेले, विहीण शिकलेली, बोलायला गोड अन् नजरेनं तिखट.

मी येत न्हाई म्हनले व्हते. घरी म्हैस हाय, तिला दुसऱ्याचा हात चालत न्हाई. पर लेकानं हट्ट धरला. मंग गाडीत बसायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हनला, "आई, तिथं सगळे संगं राहणार. ऊसतोडीचं काई काढू नको."

"बारा वर्सं काढलं का?" म्या म्हनलं.

"तसं न्हाई. सकाळ-संध्याकाळ एकत्र बसणं व्हईल, म्हनून म्हनलं."

गोष्ट अशी हाय. बारा वर्सांमागं लग्न ठरवताना ह्यानं सासरी सांगितलं व्हतं की आमची बोरी गावाकडं बागायत हाय, घरी गडी राबतेत. खरं तर आमची अडीच एकर कोरडवाहू, देवगाव फाट्याजवळ. त्यात सहा म्हैने भागायचं. दसरा झाला की आमी नवरा-बायको मुकादमाच्या टोळीत ऊस तोडायला जायचो, ते उन्हाळ्यातच परत. नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हनतेत. माणसं मोजत न्हाईत, कोयते मोजतेत. असे आमी वीस-बावीस हंगाम काढले. हा ल्योक उसाच्या फडातच झाला. पाचवी झाली अन् सहाव्या दिशी मी मोळी डोक्यावर घेतली, हा बांधावर पाचटात, उसाच्या वाळल्या पानांत, पडलेला. म्होरं एका हंगामात पोट दुखायलं तर डॉक्टरनं पिशवीच काढून टाकली. टाके ओले असतानीच मी परत फडात गेले. शाळेचं वय झाल्यावर सासूनं ह्याला गावात ठेवून घेतलं म्हनून हा शिकला. ते सगळं ह्याला माहीत हाय.

तरीबी म्या कबूल केलं व्हतं. पोराचा संसार मोडू नये, एवढंच मनात व्हतं. माझ्या हाताला उसाच्या पानानं कापलेल्या चिरा हायत, त्या काई बुजत न्हाईत. डाव्या हाताचं एक बोट वाकडं हाय. लग्नात, बारशात, जिथं जिथं विहीण बसायची तिथं मी हात पदराखाली घेऊन बसायचे. लोकाला वाटायचं लय कुलीन बाई हाय.

जहाजावर चढताना पहारेकऱ्यानं माझी पिशवी उपसली अन् अडकित्ता काढून घेतला. हत्यार म्हनला. सुपारी कशानं फोडू इचारलं तर हसला. आख्ख्या जहाजावर दारू चालतीया, अन् म्हातारीच्या अडकित्त्याचं ह्यांना भ्या.

दुसरा दिवस नुस्ता पाण्यातला. गाव न्हाई, किनारा न्हाई. सकाळी वरच्या मजल्यावर नेऊन बसवलं. तिथं माणसं उघडीबोडकी उन्हात आडवी पडलेली. कुणी पाडली नव्हती, आपल्या मनानं पडलेली. आमी जिंदगीभर सावली हुडकली, ह्यांनी ऊन हुडकायला सुट्टी काढलीया. एक माणूस माइकवर म्हनला हात वर करा, की शेकड्यानं माणसं हात वर करायली. उजवीकडं नाचा म्हनला की उजवीकडं. इतकं तर आमी मुकादमाचंबी ऐकत नव्हतो.

"विहीणबाई, कसं वाटतंय?" विहीण म्हनली. डोक्यावर टोपी, डोळ्यावर काळा चष्मा.

"बसल्यावानी वाटतंय."

"असा निवांतपणा शेतीवाडीत कुठं मिळतो?"

"न्हाई मिळत. मिळाला तर पीक जळतं."

लेकानं डोळे वटारले. मी हात पदराखाली घेतले.

खाण्याचं तर सांगू नये. सकाळी खाल्लं, मंग परत खाल्लं, मंग जेवायची वेळ झाली म्हनून उठले. ताटात डोंगर घ्यायचा, दोन घास खायचे, ताट तसंच सोडून दुसऱ्या रांगेत. व्याही तीन येळा उठले. म्या चार पुऱ्या कागदात बांधल्या तर सून हळूच म्हनली, "अहो आई, रात्रीपण असतं." मला ठावं हाय रात्रीबी असतं. पर टाकलेलं अन्न बघून गप बसायची सवय मला न्हाई, अन् व्हऊबी नये.

दुपारच्याला गावाकडल्या जेवणाचा थाट केला व्हता. एका कोपऱ्यात गवताचं छप्पर, बैलगाडीचं एकच चाक, रंगवलेली घागर, अन् खांबाला उभे बांधलेले ऊस, वीसेक असतील, पाचट अन् वाढ्यासकट. वाढे म्हंजे उसाचा हिरवा शेंडा. लोक रांग लावून त्या छपराम्होरं फोटू काढायलते. मी तसल्या छपरात वीस हिवाळे निजले. आमी त्याला कोपी म्हनायचो. रांगत आत जावं लागायचं अन् रांगत भाईर. त्याचा फोटू कुणी काढला न्हाई.

नातीनं ऊस धरला. "मला हा खायचाय."

तिथं टोपीवाला आचारी व्हता, मोठा बाप्या. तो हसत हसत पातळ चाकू घेऊन ऊस मधूनच चिरायला बसला. अंगठा पात्याच्या म्होरं. फडात म्या तीन अंगठे गेलेले पाह्यलेत. एक तर पाचटात हुडकूनबी सापडला न्हाई.

"अंगठा काढ," म्या म्हनलं.

"जी अम्मा?"

त्याच्या पाटावर मटण तोडायचा जड सुरा व्हता, तो म्या उचलला. कोयत्यावानी वाकडा नव्हता, पर वजन बरं व्हतं. ऊस डाव्या हातात घेतला, पात्याच्या पाठीनं एकदाच वरून खाली पाचट सोललं, एका घावात वाढं उडवलं. कांडी तोडून नातीच्या हातात दिली. एवढ्यावर थांबायला पायजे व्हतं. लेकाला दिलेला शब्द ध्यानात व्हता. पर हाताला कुठं ध्यान असतं? हातानं दुसरा ऊस धरला. मंग तिसरा. वाढं डावीकडं, ऊस उजवीकडं. आचारी "अम्मा, रुकिए, रुकिए" करत मागं सरकला. लय वर्सांनी खांद्यात रगत फिरल्यावानी झालं. सकाळपासून बसून बसून मी मेल्यागत झाले व्हते, ते खरं.

समदे ऊस झाले. खाली बसून म्या वाढ्याची दोन पानं घेतली, पीळ दिला, त्याचा आवळा, म्हंजे बंद, केला अन् मोळीला गुडघा लावून करकचून बांधली. फडात दोरी नसती, वाढ्यालाच पीळ देऊन बांधतेत. पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली. मोळी उचलायला वाकले, तवा टाळ्या ऐकू आल्या.

मान वर केली तर चौफेर लोक, मोबाईल वर धरलेले. फडात मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना बाया घसरून पडायच्या, तवा कुणी टाळी वाजवली न्हाई. ह्यांनी टाळ्या वाजवल्या अन् परत ताटाकडं गेले.

विहीण न्हाई गेली. चष्मा काढून त्या पिळाकडं बघायलती.

"विहीणबाई," ती म्हनली, "हे असं बांधायला कुठं शिकलात?"

ल्योक पळत आला. हातात ताट तसंच. माझ्याकडं न बघता हसून म्हनला, "आमच्याकडं ऊस तोडायला गडी यायचे ना. आई त्यांच्यावर लक्ष ठेवायची. बघून बघून येतं माणसाला."

लपव म्हनला व्हता, म्या लपवलं. बारा वर्सं हात झाकून बसले. पर हे लपवणं नव्हतं. ह्यानं मला मुकादम करून माझ्याच बांधावर उभं केलं, अन् त्याच्या बापाला, जो खोकून खोकून मेला, त्याला कुणाचा तरी गडी केला.

म्या चुंबळ सोडली. पदर नीट केला.

"ते गडी म्हंजे मी," म्या म्हनलं. "अन् ह्याचा बाप. बागायत-बिगायत काई न्हाई आमाला. हा तुमचा जावई उसाच्या फडात झालेला हाय."

सून नवऱ्याकडं बघायली, नवरा ताटाकडं. व्याह्यांनी घास तोंडातच धरला. नात तेवढी ऊस चघळायलती.

विहिणीनं कांडीचा एक तुकडा उचलला, दाढेखाली धरला, चोथा कागदात थुंकला. मंग म्हनली, "मला हळदीच्या दिवशीच कळलं होतं."

"काय कळलं?"

"तुम्ही मला हळद लावली ना, तेव्हा गालाला तुमचा हात लागला. बागायतदारणीचा हात असा नसतो. त्याच रात्री मी ह्यांना सांगितलं."

व्याही म्हनले, "मुलाची नोकरी चांगली होती." एवढं म्हनून घास गिळला.

"मंग बोलल्या कामून न्हाई?" म्या विहिणीला इचारलं.

"आज सांगाल, उद्या सांगाल म्हणून वाट पाहिली. तोवर आमच्या भावकीत आम्हीच सांगून बसलो होतो, जावई बागायतदार आहे म्हणून. मग कोणत्या तोंडानं बोलायचं?"

म्हंजे ह्यांना माहीत. आमाला माहीत. बारा वर्सं हेबी गप, आमीबी गप, अन् मी मधी हात झाकून. असल्या खोट्याला काय म्हनावं? चोर आपल्याच घरात भिताडाला कान लावून बसल्यावानी. मला राग आला न्हाई. किळस आली. म्या नातीच्या हाताला धरलं, तिला सावलीला नेलं अन् दाढेनं ऊस कसा सोलायचा ते दावलं. तिचे दात दुधाचे पडून नवे आलेले, चांगले हायत.

सांजच्याला ल्योक खोलीत आला. पलंगाच्या कडेला बसला. "काय मिळालं तुला?" म्हनला.

"मला काय मिळायचं? तूच सांग, तुला काय मिळालं. तिला तर हळदीलाच ठावं व्हतं."

"पोरीसमोर बोललीस."

"तिच्याच समोर तू बापाला गडी केलंस."

तो उठला. नळ चालू करून बंद केला, पडदा सारला, परत लावला. एवढ्या शिकलेल्या माणसाला बसायला जागा सापडेना. मंग निघून गेला.

राहिलेला दिवस अन् येतानाचा परवास तो माझ्यासंगं बोलला न्हाई. विहीण मात्र दोनदा शेजारी येऊन बसली. माझा हात हातात घेऊन बघायली. म्या काढून घेतला. आता बघून काय करतीस? व्याही-विहीण मुंबईहून रेल्वेनं परभणीला गेले, अन् आमी गाडीनं गावाकडं. जहाजावरून उतरताना पहारेकऱ्यानं माझा अडकित्ता परत दिला, चिठ्ठी लावून. तेवढं इमानदारीचं काम त्या जहाजावर पाह्यलं.

देवगाव फाट्यावर गाडी चहाला थांबली. नात म्हनली, "आजी, आलं का घर?"

"आलं जवळ. हितं मुकादमाचा ट्रक उभा राह्यचा."

"कुठला ट्रक?"

म्या सांगणार व्हते. तोंडापर्यंत आलं व्हतं. मंग म्हनलं, आपल्याच्यानं जेवढं व्हतं तेवढं आपण केलं.

"तुझ्या बापाला इचार," म्या म्हनलं.

तो चहाचे कप घेऊन यायलता. नातीनं इचारलं. तो उभाच राह्यला. सून गाडीतून खाली उतरली अन् त्याच्या हातातले दोन कप तिनं घेतले. मंग त्यानं रस्त्याच्या पल्याडल्या लिंबाच्या झाडाकडं बोट केलं.

"तिथं," म्हनला. "माय मला कडेवर घेऊन तिथं उभी राह्यची."

चांगलं सांगत नव्हता. मधलं मधलं गाळायलता, ट्रकात किती माणसं कोंबायचे ते सांगितलं न्हाई, थंडीचं सांगितलं न्हाई. पर मी मधी बोलले न्हाई. सांगता सांगता त्याचा चहा निवला. म्या माझा पिऊन घेतला.