कमलताईंसाठी मोकळी वाट

कमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या सामुदायिक रेडिओच्या खोलीत बसले होते. सकाळचा मराठी तास सुरू व्हायचाच होता. त्यांची सून रडत म्हणाली, "काकू, रेडिओवर सांगून द्या नं सगळ्यांले." सांगू कसं? पाणी, हवामान, रहदारी, परीक्षा यांच्या सूचना आम्हाला चालतात. गावातल्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आणि हे माझ्या डोक्यात ठोकून बसवलं होतं ते कमलताईंनीच…

त्याला बरीच वर्षं झाली. हिंदी मुलखातलं आमचं राज्य तेव्हा नवं होतं, राजधानी नवी होती, आणि पन्नाशीतली मी स्वतःला दोन्हींहून नवी समजत होते. आमच्या महिला मंडळाला रेडिओचं लायसन्स हवं म्हणून मी आणि कमलताई दिल्लीला मुलाखतीला गेलो. मी रेशमी साडीत, रेल्वेत वाटभर निवेदिकेचा आवाज घोटत. साहेबांनी विचारलं, काय ऐकवणार? मी ठणकावलं, "समाचार!" टेबलाखाली कमलताईंनी माझा पाय असा दाबला, की पुढचं सगळं त्याच बोलल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "काहून वो, लायसन्स पाह्यजे का फोटो?" त्यानंतर कितीतरी खेपा, कितीतरी शिक्के… परवानगी आली तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. माझेही, पण मी रंगवत होते.

एकदा मी भांडले. "आपलं माणूस मेलं तरी सांगाचं नाही का, ताई?"

"नाही. माह्यंबी सांगू नको. एका तुह्या बोलण्यानं केंद्र बंद पडलं तर मी भूत होऊन येईन."

त्या सकाळी प्रसारण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. निवेदिकेचा नव्हे, माझाच आवाज निघाला. "रहदारीची सूचना. बुढापारा मोहल्ल्यात कमलताईंच्या घरून आज दुपारी चार वाजता अंत्ययात्रा निघेल. गल्लीत गाड्या लावू नयेत." एवढंच. मग भजन लावलं.

चार वाजता गल्लीत एकही स्कूटर नव्हती. गोल बाजारातल्या बायाही दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. कित्येकींनी ताईंना कधी पाहिलंही नव्हतं, फक्त रेडिओवर ऐकलं होतं. जन्मभर उभ्या गाड्यांच्या आरशांत अडकलेला पदर सोडवत ताई जिथून चालल्या, तिथून त्या दिवशी कशालाच न अडता गेल्या.

मराठी तास मी अजून घेते. काचेपलीकडे त्यांची खुर्ची आहे. मी जास्त बोलले की तिथून बोट वर व्हायचं. आता कोणी अडवत नाही… म्हणून जपून बोलते.